दिलेला राजीनामा आणि न दिलेला राजीनामा

(गुरुकुंज मोझरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते सर चिंतामणराव देशमुख. आपल्याकडे 'देशमुख' म्हटलं की लोक आधी पापळचे भाऊसाहेब समजतात, डॉ. पंजाबराव. ते बरोबरच आहे. पण १९५२ नंतर दिल्लीच्या एकाच मंत्रिमंडळात हे दोन्ही देशमुख होते. एक शेतीमंत्री, दुसरे अर्थमंत्री. एक आपले, दुसरे कोकणातले. त्या दुसऱ्या देशमुखांशी आपल्या वऱ्हाडाचा काही हिशेब आहे का, आणि असेल तर तो चुकता झाला का, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आकड्यांत माझी चूक निघाली तर सांभाळून घ्या, पण तर्कात निघाली तर सोडू नका.

आधी चरित्र, आणि ते थोडक्यातच. जन्म १४ जानेवारी १८९६, रायगडाच्या पायथ्याच्या भागात महाडजवळ नाते या गावी. वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे शिकले काय? वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. पुढे देशाची तिजोरी सांभाळणारा हा माणूस पदवीने वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १९१८ ला लंडनच्या आयसीएस परीक्षेत पहिला नंबर. लंडनमध्ये ते टिळकांना भेटले, नोकरी करावी की चळवळीत यावं असं विचारलं, आणि टिळकांनी 'नोकरी कर, उद्या स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसं लागतील' अशा आशयाचा सल्ला दिला, ही आठवण बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. ती लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या व्याख्यानाची गाठ तिथे आहे.

नोकरी लागली ती कुठे? मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. आपल्याच प्रांतात! जवळजवळ वीस वर्षं. डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट अधिकारी, पुढे नागपूरला महसूल आणि अर्थ खात्याचे सचिव. प्रांताला केंद्राकडून किती वाटा मिळावा यासाठी सर ऑटो निमायर यांच्या चौकशीपुढे प्रांताचं जे निवेदन गेलं, ते त्यांनी तयार केलेलं. त्याची वाखाणणी झाली आणि तिथून त्यांची वाट रिझर्व्ह बँकेकडे वळली. जुलै १९३९ मध्ये बँकेत संपर्क अधिकारी, १९४१ च्या अखेरीला डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला देशमुख गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेला पहिला भारतीय. ३० जून १९४९ पर्यंत तिथे. मग १९५० ते ५६ अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तिसरे आले. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले.

झालं चरित्र. महाराष्ट्रात त्यांच्यावर जे भाषण होतं त्यात यातलं काय येतं? दोन गोष्टी. एक, संस्कृत: ते संस्कृतात कविता करायचे, मेघदूत मराठीत आणलं. आणि दोन, राजीनामा: मुंबईसाठी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला. 'फेकला' हाच शब्द वापरतात. टाळ्या पडतात, कार्यक्रम संपतो.

माझी तक्रार इथून सुरू होते. राजीनामा हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग आहे, पण सगळ्यात अवघड नाही. माणसाचं मोल करायचं तर अवघड प्रसंगावरून करावं.

अवघड प्रसंग पहिला. तारीख पुन्हा पाहा: ११ ऑगस्ट १९४३. त्या वेळी बंगालमध्ये काय चाललं होतं? रस्त्यावर माणसं मरत होती. अमर्त्य सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास मृत्यूंचा आहे. आणि सेन यांनी दाखवलं ते हे, की प्रश्न नुसता धान्य कमी पडण्याचा नव्हता. भाव चढले, मजुरी चढली नाही, आणि ज्याच्या हातात फक्त मजुरी होती तो मेला. म्हणजे दुष्काळ शेतात जितका होता, तितकाच तो रुपयात होता.

रुपयात कसा? साधं सांगतो. समजा तुमच्या गावात एक बडा माणूस आला. कापूस नेला, ज्वारी नेली, बैल नेले. पैसे रोख नाही दिले. म्हणाला, 'शहरात माझी पेढी आहे, तिथे तुमच्या गावाच्या नावाने जमा करतो.' गावाच्या हाती चिठ्ठी आली. आता गावचा कारभारी त्या चिठ्ठीच्या आधाराने नवे रुपये छापतो आणि ज्यांचा माल गेला त्यांना वाटतो. गावात रुपये वाढले, माल कमी झाला. भाव काय होणार? ज्याच्याकडे विकायला काही आहे तो तगेल. ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत, त्याने काय करायचं?

महायुद्धात नेमकं हे झालं. ब्रिटिशांनी इथून माल आणि सेवा उचलल्या, लंडनमध्ये पौंड जमा दाखवले, आणि त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा निघाल्या. १९३९ ला चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, युद्ध संपेपर्यंत त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या. लंडनमधली आपली शिल्लक सतराशे कोटी रुपयांच्या घरात पोचली. ऐकायला बरं वाटतं, गरीब देश सावकार झाला आणि साम्राज्य कर्जदार. पण ही बचत पोटातून काढलेली होती, आणि कोणाच्या पोटातून ते बंगालने सांगितलं.

आता या यंत्राच्या मुठीवर ऑगस्ट ४३ पासून सही कोणाची? देशमुखांची.

थांबा, लगेच निवाडा करू नका. धोरण त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते लंडन आणि दिल्लीत ठरलं होतं, चार वर्षं चालू होतं. गव्हर्नर झाले तेव्हा आग लागलेलीच होती. पण प्रश्न उरतोच. राजीनामा द्यायला १९५६ मध्ये जे कारण पुरलं, त्याहून मोठं कारण १९४३ मध्ये नव्हतं का? मुंबईतल्या गोळीबाराने जो माणूस अस्वस्थ झाला, त्याला बंगालने खुर्ची का सोडायला लावली नाही?

हा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षं विचारत आलो. विद्यार्थी दोन उत्तरं देत. एक, 'सर, ते नोकर होते, नोकर काय करणार.' हे उत्तर मला कधीच पटलं नाही. ज्याला आपण 'केवळ नोकर' म्हणतो त्याला आपण विवेकातून सूट देतो, आणि सूट देणं हा एक प्रकारचा अपमान आहे. दुसरं, 'ते गेले असते तर इंग्रज गव्हर्नर आला असता, जास्त वाईट झालं असतं.' हे उत्तर जड आहे. ते तोलून पाहावं लागतं.

तोलायला पुढची वर्षं घ्या. जुलै १९४४, अमेरिकेत ब्रेटन वूड्स. जगाची नवी पैशाची घडी बसवायला ४४ देशांची माणसं जमली. हिंदुस्थान अजून गुलाम, पण शिष्टमंडळात देशमुख आहेत, षण्मुखम् चेट्टी आहेत, ए. डी. श्रॉफ आहेत. लंडनमधली शिल्लक मोकळी कशी होणार हा प्रश्न आपल्या लोकांनी केन्ससारख्या माणसासमोर मांडला. त्यावर तिथे मिळालं काही नाही. पण ती रक्कम बुडीत खात्यात जाऊ नये, इंग्लंडने 'आम्ही तुमचं रक्षण केलं' म्हणून ती कापून घेऊ नये, याचा पाठपुरावा पुढे चालू राहिला आणि मुद्दलावर सरसकट काट मारली गेली नाही. नाणेनिधीत आपला हिस्सा ४० कोटी डॉलरचा ठरला, आणि रशिया आत आला नाही म्हणून आपण पहिल्या पाचांत बसलो. तेव्हा, राहिल्यामुळे काही मिळालं का? मिळालं. टिळकांचा सल्ला इथे फळला म्हणायला हरकत नाही.

पण माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर गप्प बसत नाही. नंतर मिळालेल्या फळाने आधीच्या मौनाचं समर्थन होतं का? गीतारहस्य वाचलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. कर्म सोडू नकोस, पण कर्म कोणतं, हे कोण ठरवणार? खुर्चीवर टिकणं हेही कर्मच आहे, त्याचाही हिशेब द्यावा लागतो. १९७४ ला त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं. मी ते वाचलं आहे, आणि माझा आक्षेप त्याच्या स्वरावर आहे. चांगल्या फाईलवरच्या टिपणासारखा तो स्वर आहे, नेटका, प्रामाणिक, थंड. मला त्यांचा एक तरी न झोपलेला दिवस हवा होता. तो मला सापडला नाही.

अवघड प्रसंग दुसरा, फाळणी. हा आपल्याकडे कोणी सांगतच नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, पण बँक एकच राहिली. रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती! ठरलं होतं सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे महाडजवळचा एक मराठी माणूस वर्षभर दोन्ही देशांचा तिजोरीदार. एप्रिल ४८ पासून आपल्याच नोटांवर 'पाकिस्तान सरकार' असा शिक्का इंग्रजी आणि उर्दूत छापून तिकडे चालवल्या गेल्या.

त्यात ७५ कोटींचं प्रकरण. शिलकेतला पाकिस्तानचा हिस्सा ७५ कोटी ठरला, २० आधीच दिले होते, ५५ राहिले. काश्मीरची लढाई पेटली, दिल्लीने ५५ कोटी अडवले. पाकिस्तानने आरोप केला की रिझर्व्ह बँक पक्षपाती आहे. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजी उपोषणाला बसले, दोन दिवसांत सरकारने पैसे सोडले. त्या महिन्याच्या अखेरीला काय झालं ते सांगायला नको.

बँकेपुढचा पेच बघा. ठेवीदार दोन, दोघं एकमेकांशी लढताहेत, आणि बँक त्यातल्या एकाच्या घरात आहे. कायद्याने बँक तटस्थ, प्रत्यक्षात सरकारच्या हुकमाशिवाय पैसा हलत नाही. ही व्यवस्था टिकणारी नव्हती. मुदत तीन महिने अलीकडे आणली आणि १ जुलै १९४८ ला कराचीत जिन्हांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तान उघडली. तिचे पहिले गव्हर्नर झाहिद हुसेन. तेही ब्रिटिशांच्याच हिशेब खात्यात तयार झालेले. म्हणजे एकाच शाळेची दोन मुलं, दोन देशांच्या तिजोऱ्यांवर बसली. अजूनही त्यांच्या बँकेच्या ताळेबंदात रिझर्व्ह बँकेकडून येणं दाखवतात, आणि आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदांत पाकिस्तानकडून ३०० कोटींचं येणं दाखवलं जातं. ना ते देतात, ना आपण देतो. आपल्या सोसायटीच्या थकबाकीसारखं, दरवर्षी नवं-जुनं. (हशा)

या प्रसंगात मी देशमुखांना जास्त गुण देतो. आगीत उभं राहून खातेवही सांभाळणं ही लहान गोष्ट नाही. पण त्याच प्रसंगाने हेही दाखवलं, की मध्यवर्ती बँकेचं स्वातंत्र्य म्हणजे गव्हर्नरचा स्वभाव नव्हे. माणूस कितीही सचोटीचा असो, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल तर सचोटी दाराशी उभी राहते. १ जानेवारी १९४९ पासून बँक सरकारी मालकीची झाली. ते योग्यच होतं. पण किल्लीचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

आता तिसरा प्रसंग, आणि हा आपला आहे. वऱ्हाडाचा.

१९३५ साल. १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली, आणि त्याच वर्षी इथे मोझरीला तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारलं. तिकडे रुपयाची व्यवस्था, इकडे गावाची. बँकेच्या कायद्यातच शेती कर्जाचा वेगळा विभाग होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३३ ला, आपल्या प्रांताने कर्ज लवादाचा कायदा केला. त्यामागे पंजाबरावांचं नाव आपण आदराने घेतो. म्हणजे शेतकऱ्याचं कर्ज हा प्रश्न नागपूरच्या सचिवालयाला माहीत नव्हता असं नाही. देशमुख त्या सचिवालयातलेच.

मी लहान होतो तेव्हाचं सांगतो. वडील पेरणीच्या आधी सावकाराकडे जात, मला सोबत नेत. ज्वारी सवाईने यायची. चार पायल्या आणल्या तर पाच द्यायच्या. सावकार वाईट माणूस नव्हता, मला गुळाचा खडा द्यायचा. तो गोड लागायचा, आणि वडील घरी येईपर्यंत बोलायचे नाहीत. मला वाटायचं, थकले असतील.

त्याच काळात दिल्लीत देशमुख अर्थमंत्री होते. आणि त्याच काळात रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. गोरवाला अध्यक्ष, आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य. १९५४ ला अहवाल आला. शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचे तीन, व्यापारी बँकांचा जेमतेम एक, आणि सत्तरच्या आसपास सावकार-व्यापाऱ्यांचे. माझ्या वडिलांचं मौन त्या आकड्यात बसलेलं आहे.

देशमुखांनी काय केलं? इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ ला स्टेट बँक केली, आणि तिच्यावर पाच वर्षांत ४०० नव्या शाखांची जबाबदारी टाकली, बहुतेक लहान गावांत. हे मोठं काम आहे. मुंबईच्या राजीनाम्याहून मोठं, असं मी म्हणतो, आणि याची टाळी कोणी वाजवत नाही.

पण टीकाही इथेच. त्या पिढीची समजूत अशी होती की शाखा पोचली म्हणजे पैसा पोचला, आणि पैसा पोचला म्हणजे शेतकरी सुटला. शाखा तालुक्याला पोचली. तिथे मी स्वतः वडिलांसोबत गेलो आहे, नंतरच्या काळात. कोणती बँक ते सांगत नाही. सातबारा मागितला, जामीनदार मागितला, पुढच्या मंगळवारी या म्हणाले. असे चार मंगळवार. पाचव्याला वडील पुन्हा सावकाराकडे. सावकार महाग होता, पण त्याच दिवशी देत होता! पेरणी मंगळवारासाठी थांबत नाही, हे वरून संस्था आखणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. गावाने गावाची पत उभी करावी, ही या आश्रमाची दिशा होती. वरून संस्था उतरवावी, ही दिल्लीची. दोन्ही लागतात. पण दोन्ही वाटा एकमेकींना कुठे भेटल्याच नाहीत.

पुढचं तुम्हाला मी काय सांगू? १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आत्महत्याग्रस्त घरांपर्यंत आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आपलं अमरावती आणि अकोला होतंच. योगायोग बघा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री, दोन्ही पदं सांभाळणारे पहिले देशमुख, आणि पुढे तोच मान मनमोहन सिंग यांचा. स्टेट बँक झाली १ जुलैला, पॅकेज आलं १ जुलैला, मधे ५१ वर्षं.

आता राजीनाम्याकडे येतो, टाळलं असं नको. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर केलं. मुंबई पेटली, गोळीबार झाला. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. मग पद सोडण्याची तयारी दाखवली, पण प्रत्यक्ष गेले जुलैत. मधे बजेट मांडलं, आयुर्विमा महामंडळाचा कायदा मंजूर झाला. म्हणजे 'फेकला' हे खोटं आहे. हातातलं काम पुरं करून, सहा महिन्यांनी, २५ जुलैला लोकसभेत निवेदन करून ते गेले. गोळीबाराची चौकशी नाकारली गेली हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मला फेकण्यापेक्षा हे पुष्कळ मोठं वाटतं.

वऱ्हाडी माणसाने मात्र एक लक्षात ठेवावं. त्याच वेळी राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. मुंबईसाठी महाराष्ट्र पेटला, आपल्या बाजूला अकोला करार, नागपूर करार असे कागद होते. त्या कागदांचं काय झालं हे विचारायला कोणी राजीनामा दिला नाही. ही देशमुखांवर टीका नाही, ते कुलाब्याचे खासदार होते. ही आपल्या आठवणीवर टीका आहे. आपण दुसऱ्याच्या राजीनाम्याला टाळ्या वाजवतो.

वेळ झाली. एखादा प्रश्न घेतो.

(श्रोत्यांमधून एका तरुणाचा प्रश्न: सर, मग १९४३ ला त्यांनी राजीनामा द्यायला पाहिजे होता की नाही? तुम्ही सांगितलंच नाही.)

बरोबर पकडलंत. तरुणपणी मी 'द्यायला हवा होता' म्हणालो असतो. आज म्हणतो, राहिले हे चूक नाही. पण राहणाऱ्यावर एक ऋण चढतं. राहून काय केलं, कोणासाठी केलं, आणि जे आपल्या सहीने झालं त्याबद्दल पुढे काय बोललो. पहिल्या दोन्हींत ते मला उत्तीर्ण वाटतात. तिसऱ्यात नाही. स्टेट बँक उभी करणाऱ्या माणसाने बंगालबद्दल चार ओळी अशा लिहायला हव्या होत्या की वाचणाऱ्याची झोप जाईल.

(एका वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न: मास्तर, तुमच्या वडिलांचं कर्ज फिटलं का?)

नाही भाऊ. माझ्या पहिल्या पगारातून मी ते फेडायला लागलो, आणि ते पुरतं फिटायच्या आधीच वडील गेले. सावकाराच्या मुलाने मात्र उरलेलं सोडून दिलं. कोणत्याही बँकेच्या नियमात ते बसत नाही.

जय गुरु.